सोन्याच्या केतकीची वाट

कार्तिक सरत आला की आमच्या सर्वण गावच्या कापलेल्या शेतांवर एक कोवळा पिवळा प्रकाश पसरतो. वाळत्या गवताचा गंध त्यात असा मिसळतो की जणू ऊनच श्वासात उतरते. त्या प्रकाशात इतरांना सुगी आठवत असेल. मला मात्र शेजारच्या सुमतीकाकींचे केसांत माळायचे सोन्याचे केतकीचे फूल आठवते, जे माझ्या जन्माआधीच गोव्यातून नाहीसे झाले होते!

काकींच्या घरची रीतच होती: पेरणीला ते फूल बँकेत गहाण ठेवायचे आणि कापणी झाली की काकांनी सोडवून आणायचे. विरह पावसाळ्यापुरता. पण पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या वर्षी कापणी होऊनही काकांनी ते सोडवणे लांबवले; म्हणाले, "जात्रा होऊं दी, मागीर हाडूंया." जात्रा झाली, आणि तोवर बँकेने लोकांच्या दागिन्यांच्या पेट्या जहाजावर चढवून लिस्बनला नेल्या होत्या. गोवा मुक्त झाला. फूल परदेशी अडकले.

दोन राष्ट्रांनी अबोला धरला की त्याखाली कुणाकुणाची हौस गाडली जाते, याची दखल कोणता कायदा घेतो? आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतो, तंटे वाटाघाटीने मिटवा, मध्यस्थ नेमा, न्यायालयात जा. छान! पण किती दिवसांत, हे कुणी लिहायचे? संतापाने मी पत्रक छापले, 'वाटाघाटी पुरे, दणका द्या!', आणि सहीसाठी काकींकडे गेले. त्यांनी ते शांतपणे वाचले.

"झूज पेटलें आनी पेटी दर्यांत बुडली, तर बुडी कोण मारतलो गो बाय?"

ज्यांचे काही अडकलेले असते, त्यांना युद्धाची ऐट परवडत नाही. मी मथळा खोडला आणि लिहिले: 'बोला! पण लवकर बोला!'

शेवटी सरकारे बोलली. एकही गोळी न झाडता पेट्या परत आल्या. हा विजयच, मी आजही ठासून सांगते. पण जवळजवळ तीस वर्षे गेली होती, आणि काकाही गेले होते. विधवेने केसांत फूल माळायचे नाही, हा गावचा दंडक कोणत्या वाटाघाटीने सुटणार होता?

"काकी, माळा बिनधास्त! कोण काय बोलतो बघतेच मी."

"तुझें पत्रक माझ्या डोक्यार चिकटवूं नको गो," त्या हसल्या. मग मला पायरीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसवले आणि ते फूल माझ्या वेणीत खोवले.

"माझ्याच केसांत आसायचें, माका कशें दिसतलें? तुझे काकाच मागे बसून पळयत आसायचे."

मी मान वळवू लागले.

"वळूं नको. मातशें अशीच बस."

मी मान सरळ केली; मागे बसून काकी ते फूल पाहत राहिल्या.