पाण्यानं पुसलेला भागाकार

पाटी तपासून मी खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरलो. पाटलाच्या बापूनं तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडलं, मग उचलली. माझ्या हातचा विटाळ गेला. मी दुरुस्त केलेला भागाकारही गेला.

इगतपुरीपासून चार कोसांवरची लोकल बोर्डाची शाळा. फळा एकच, तो हेडमास्तरांच्या वर्गात. महारवाड्यातून सातवीची फायनल पास होऊन मास्तर झालेला मी पहिलाच. बाकीच्या मास्तरांना हेडमास्तर ‘अहो’ म्हणायचे. मला ‘अरे’.

सगळीच पोरं पाटीवर असं पाणी शिंपडायची. पहिल्याच आठवड्यात मी ह्याबद्दल हेडमास्तरांशी बोललो होतो. तेव्हा त्यांनी समोर उभं करून सांगितलं, "अरे, जरा त्यांच्या जागी उभा राहून बघ. पोरं तुझ्यापुढं बसतात हेच खूप नाही का? समजून घे."

घेतलं समजून. माझ्यासारखा समजूतदार माणूस अख्ख्या तालुक्यात सापडला नसता! पाटील भावकीत तोंड कसं दाखवणार? समजलं. हेडमास्तरांना गावाची बोलणी बसतील. समजलं. घरी म्हातारी आई, बायको, दोन लेकरं. नोकरी गेली तर बापासारखी गावाची मेलेली ढोरं ओढायची. हे तर फारच चांगलं समजलं. तांब्या रिकामा दिसला की मीच सांगायचो, जा रे, भरून आण. थू माझ्या जिंदगानीवर!

मग दिपोटी आले, शाळा तपासणारे साहेब. माझ्या वर्गाच्या पाट्या बघितल्या. सगळ्यांचे भागाकार चुकलेले. पोरांसमोर ते हेडमास्तरांना म्हणाले, "ह्यांच्याच डोक्यात शिरत नाही, हे पोरांच्या काय घालणार?"

हेडमास्तर हसले. सगळं ठाऊक असून हसले. मी मान खाली घालून उभा. तिथंच मरावंसं वाटलं.

साहेब गेले. बापू कोपऱ्यात रडत होता. त्यालाही छडी बसली होती. मी विचारलं, "काय रे?"

"मास्तर, तुमी लिवल्यालं पुसून जातंय. मग मला नाय आठवत."

वर्षभर मी ह्याच्या जागी, त्याच्या जागी उभा राहत होतो. ह्या पोराच्या जागी कोण उभं राहिलं? आणि माझ्या? मी स्वतःसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बापूची पाटी तपासली आणि हातातच धरली. दुसऱ्या हातानं तो तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्यालो. म्हटलं, "ये. माझ्या हातातून घे."

बापू दोन पावलं आला. थांबला. दाराकडं बघितलं आणि पळाला.

दुपारी पाटील आला. हेडमास्तरांनी कागद माझ्यापुढं टाकला. "माफी लिहून दे, नाहीतर रिपोर्ट जाईल. अरे, घरच्यांच्या जागी तरी उभा राहून बघ!"

मी कागद कोरा परत दिला.

रिपोर्ट गेला. महिन्यात नोकरी गेली. आई अजून माझ्याशी बोलत नाही. एक वेळ खातो आम्ही, तेही रोज नाही. पण उद्या बोर्डानं परत बोलावलं, तर पाटी हातातच देईन. ज्याला चालत नसेल त्यानं तसं माझ्या तोंडावर सांगावं. त्याची अडचण मी समजून घेणार नाही.