त्याला कोणी पकडलं नाही

माझा मोठा भाऊ चढाईला गेला की सांडोरची माणसं बोलायची थांबत. गावातले म्हातारे तेव्हाही या खेळाला हुतूतूच म्हणत. दादा त्यांना चिडून सांगायचा, आता कबड्डी म्हणा, बाहेरचे देशही खेळायला लागलेत. बांगलादेशचा संघ सामने खेळायला आपल्याकडे येणार होता आणि त्यासाठी मुंबईत भरलेल्या सराव शिबिरात दादाची निवड झाली होती. केळीची वाडी शिंपणाऱ्या घरातला मुलगा तिथवर जाईल असं वडिलांनाही वाटलं नव्हतं.

तो आठवडाभरातच परत आला. गुडघा मुरगळला म्हणाला. चालताना लंगडायचा. वडिलांनी माणिकपूरच्या एका मालीशवाल्याला बोलावलं. तो रोज संध्याकाळी तेल लावून दादाचा गुडघा रगडायचा आणि दादा दात आवळून सोसायचा. गुडघ्याला सूज कशी नाही, याचं मला नवल वाटे.

मग एका रविवारी शिबिराचे प्रशिक्षक पत्ता शोधत घरी आले. औषध सुरू केलं का, असं त्यांनी विचारलं. वडील त्यांना तेलाबद्दल सांगू लागले. प्रशिक्षकांनी एकदा दादाकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गुडघ्याला काही झालेलं नाही, काका. क्ष-किरणाच्या फोटोत छातीत डाग दिसलाय. क्षय आहे."

आई उठली, दादाच्या पुढ्यातली चहाची कपबशी उचलली आणि बाकीच्या भांड्यांपासून लांब नेऊन ठेवली. दादा तिच्याकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून तो वाडीतल्या खोपटात राहू लागला. शेजारीच आमचं बावखल होतं, झाडांना पाणी द्यायला खणलेलं तळं. जेवण नेण्याचं काम माझं. ताट उंबऱ्यावर ठेवून मागे फिर, असं आईने बजावलं होतं. मी आत जाऊन बसायची. आईला ते कळलं तेव्हा ती एकदाच रागावली, नंतर तिने विचारणंच सोडून दिलं.

बांगलादेशशी मुंबईत झालेला सामना बघायला दादाच्या गावच्या संघातली मुलं गेली होती. दुसऱ्या दिवशी ती वाडीत आली, पण बावखलाच्या पलीकडेच थांबली. तिथूनच त्यांनी ओरडून सगळा सामना सांगितला. आपण जिंकलो होतो. दादा खोपटाच्या दारात उभा राहून ऐकत होता. मध्येच त्याने काही विचारलं, पण त्याचा आवाज पाण्यापलीकडे पोचला नाही, आणि ते ऐकायला अलीकडे कोणी आलं नाही.

वर्षभराहून जास्त काळ तो सुया घ्यायला सायकलने माणिकपूरच्या दवाखान्यात जात होता. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आजार गेला, थुंकी स्वच्छ आहे, हळूहळू खेळायला हरकत नाही. भुईगावात गावोगावच्या संघांचे सामने होते, तिथे तो उतरला. मी बायकांमध्ये उभी होते.

पहिल्याच चढाईत त्याने एकाला शिवलं आणि सहज परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की समोरची मुलं त्याच्यावर झेपच घेत नाहीत. तो जवळ गेला की मान वळवून मागे सरकतात. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. तो त्यांच्या अंगणात अगदी आत गेला आणि तिथेच उभा राहिला. पाय पुढे केला. कोणी धरला नाही. मग त्याने कबड्डी म्हणणंच थांबवलं. पंचांनी शिट्टी वाजवून त्याला बाद दिलं. तो मैदानाबाहेर आला, सदरा घातला आणि चालू लागला.

वाटेत मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले, तर तो म्हणाला, "त्यांना दोष देऊ नकोस. घरी तुझ्याशिवाय कोण येतं माझ्याजवळ?"

त्यानंतर तो मैदानावर गेला नाही. संघातली मुलं खेळ शिकवायला ये म्हणून निरोप पाठवत, तो केळी कापायची आहेत म्हणून सांगे. पुढे माझं लग्न झालं. दादाचं दुखणं उलटलं ते मला कुणी कळवलंच नाही. मी माहेरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि वडील खोपटावरची झावळ्यांची झापं उतरवत होते.