गाण्याच्या बाई पेटी शिकल्या

आमची संगीतशाळा सोसायटीच्या गोदामात भरायची. त्या काळात पाऊस नव्हता, म्हणून पेरण्या नव्हत्या. पेरण्या नाहीत म्हणून खत उचलायला कोणी येत नव्हतं, आणि गोदाम रिकामं पडलं होतं. माझे वडील सोसायटीचे सचिव होते. बदलीवर नेकनूरला आलेले. रिकाम्या जागेत उंदीर होण्यापेक्षा पोरांना गाणंबजावणं शिकवावं, असं त्यांनी मीटिंगमध्ये सुचवलं आणि चेअरमनना ते आवडलं. चेअरमननी नारळ फोडला, फोटो काढून घेतला आणि नंतर बरेच दिवस तिकडे फिरकले नाहीत. भिंतींत युरियाचा वास मुरला होता. सुरुवातीला वरचा सा लावताना आम्हाला ठसका लागायचा.

शिकवणारे तिघे होते. पेटी शिकवणारे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. स्वच्छ धोतर, टोपी, आणि हातात लाकडी पट्टी. तबला शिकवणारे चाचा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. लगीनसराईत ते वर्गाला क्वचितच येत, आणि लगीनसराई संपली की दिवसभर गोदामातच असत. गाणं शिकवायच्या बाई आमच्याच वस्तीतल्या. दिवसा एका शाळेत नोकरी आणि संध्याकाळी आमचा वर्ग. गाण्याच्या सगळ्या परीक्षा त्यांनी दिल्या होत्या. त्याआधीपासून त्या विहारात वंदना सांगायच्या आणि जयंतीच्या कार्यक्रमात गायच्या. त्यांचा आवाज माइकशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. मी त्यांच्याकडे विहारातच गायला लागले होते. गोदामात आले ती त्यांच्या मागोमाग.

सरांचं आणि बाईंचं पहिल्या महिन्यातच वाजलं. सरांचं म्हणणं, वर्षभर नुसते अलंकार घोटायचे, गाण्याला हात लावायचा नाही. बाई पहिल्या दिवशी गाणं द्यायच्या.

"सर, यातली निम्मी पोरं दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार," बाई म्हणाल्या. "वर्षभर आहे कोण इथं? जेवढे दिवस हायेत, तेवढ्यात एक गाणं तरी घेऊन जाऊ द्या त्यांना."

"घेऊन जायला हे काय किराणा दुकान आहे?" सर म्हणाले. "आणि जयंतीच्या गाण्यांचं एक ठीक असतं. ते वेगळं, शास्त्र वेगळं."

त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी चाचांमार्फत बोलायला लागले. सर म्हणायचे, "त्यांना सांगा, पेटी माझ्या वर्गाला लागणार आहे." बाई तीन हातांवर बसलेल्या असायच्या. चाचा मान वळवून म्हणायचे, "बाई, सर म्हनतेत पेटी पायजे." बाई म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, न्या." चाचा परत मान वळवायचे. आम्हाला हसू यायचं, पण सरांच्या हातात पट्टी असायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला ऊसतोडीची पोरं परत आली. कारखान्यावरच्या तळावर त्यांनी बाईंचं गाणं इतकं म्हटलं होतं की चाल पार बदलून गेली होती. मधल्या ओळीचा एक सूर तर सगळ्यांनी मिळून भलत्याच ठिकाणी नेला होता. बाई त्या दिवशी आलेल्या नव्हत्या. सर पेटी पुसत होते. त्यांनी पोरांना पूर्ण गाऊ दिलं. मग पेटीवर तो एकच सूर दाबून म्हणाले, "इथं. ही जागा इथं आहे." एवढंच बोलले आणि परत पेटी पुसायला लागले.

बाई आल्या नव्हत्या, कारण त्या दवाखान्यात होत्या. गळ्याला गाठ आली होती. पदर घट्ट घेऊन त्यांनी ती बरेच महिने लपवली होती. तपासण्या झाल्या आणि ऑपरेशन करावंच लागेल, असं ठरलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की आवाजाची नस गाठीला लागूनच आहे, तिला धक्का लागू शकतो. बाईंनी विचारलं होतं, नाही केलं तर? ते उत्तर ऐकून त्यांनी सही केली. हे सगळं मला आईने नंतर सांगितलं.

ऑपरेशननंतर आम्ही त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर बसून ज्वारी निवडत होत्या. गळ्याला पांढरी पट्टी होती. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. कुजबुजीसारखं काहीतरी. मला वाटलं, त्या मुद्दाम हळू बोलतायत. आईने माझा हात दाबला. बाई परत म्हणाल्या, तेव्हा मी जवळ वाकले. त्या विचारत होत्या, "रियाज करतीस का?"

मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर आई रडली. मला रडू आलं नाही. मला ते खरंच वाटत नव्हतं. आवाज हा ताप किंवा गालगुंडासारखा, जाऊन परत येणारा प्रकार असेल, असं माझं गणित होतं.

महिना-दोन महिन्यांनीही आवाज आला नाही. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. सर आणि चाचांनाही बोलावलं होतं. वडिलांनी घरी येऊन जेवताना तो आईला सांगितला.

चेअरमन म्हणाले होते, "सचिव, मला बाईंबद्दल लई आदर हाय. पन आवाजच न्हाई तर त्या गानं काय शिकिवनार? दुसरं कोनी बघा."

चाचा म्हणाले होते, "साब, आमच्या बँडमास्तरला दात न्हाई. क्लॅरिनेट वाजवता येत न्हाई त्याला. तरी बी मास्तर तोच हाय."

लोक हसले. मग सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी काही मत दिलं नाही. ते म्हणाले, "मला विचारू नका. माझा आणि त्यांचा वाद आहे, माझं मत धरू नये." वडिलांना त्याचा राग आला होता. आईचं म्हणणं होतं, की मनुष्य प्रामाणिक बोलला. त्यावरून त्या दोघांचंच थोडं वाजलं. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला.

पुढची मीटिंग यायच्या आत बाई गोदामात आल्या. पेटीचा वर्ग चालू होता. सतरंजीवर आठ-नऊ वर्षांची मुलं ओळीने बसली होती. बाईंनी चपला दाराशी काढल्या, ओळीच्या शेवटी मांडी घालून बसल्या आणि शेजारच्या मुलीने जशी वही उघडली तशी वही उघडली. सर अलंकार सांगत होते, ते थांबले. सवयीने त्यांनी चाचांकडे पाहिलं.

"त्यांना विचारा, काय काम आहे?"

चाचा बाईंजवळ गेले, कान खाली नेला आणि सरळ होऊन म्हणाले, "पेटी शिकायची म्हनतेत."

बाहेर टँकरपाशी बायकांचा गलका चालला होता, तो ऐकू येत होता. मग सरांनी पट्टी खिडकीत ठेवली आणि स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "सा कुठं आहे, तो दाखवा."

बाईंनी पेटीची एक पांढरी पट्टी दाबली. बरोबर होती. एवढ्याने झालं असतं तर बरं होतं. कानाला सगळं येत होतं आणि बोटांना काहीच येत नव्हतं. आमची बोटं लहान, लवचिक. बाईंची भाकरी थापून, खडू धरून कडक झालेली. उजव्या हाताची बोटं हलली की डाव्या हाताचा भाता थांबायचा. भाता सुरू झाला की बोटं थांबायची. चुकीचा सूर वाजला की त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्यासारखं काहीतरी यायचं. आम्हाला चुकलेलं कळायचंसुद्धा नाही. त्यांना प्रत्येक चूक ऐकू येत होती.

आम्ही चुकलो की सर बोटांवर पट्टी मारायचे. बाईंना मारता येईना आणि बाईंना सोडून आम्हाला मारणंही त्यांना जमेना. त्यामुळे पट्टी खिडकीतच राहिली. "अंगठा," ते म्हणायचे. "बाई, अंगठा काळीवर येतोय. अंगठा आत." हे ते इतक्या वेळा म्हणाले की आम्ही खेळताना एकमेकांना तसंच म्हणायचो.

पेटी घेऊन बाई गाण्याचा वर्गही घ्यायला लागल्या. चेअरमनना कळवायला नको म्हणून वडिलांनी तो विषय मीटिंगपुढे परत ठेवलाच नाही. सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. बाई एक ओळ वाजवायला जात, दोन सूर लागत, तिसरा भलताच. आम्ही पेटीमागून तोच भलता सूर गायचो. बाई दोन्ही हात हलवून थांबवायच्या, मान नाही नाही करायच्या, हाताने वर दाखवायच्या. आम्ही आणखी वर जायचो. एकदा त्यांनी पेटीचा भाता धाडकन बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. वर्ग सुटायची वेळ झाली तरी आम्ही उठलो नाही. शेवटी चाचांनीच आम्हाला घरी पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी सर गाण्याच्या वर्गाला आले. त्यांची ती वेळ नव्हती. ते पेटीवर बसले आणि बाई शेजारी. बाई हाताने दाखवायच्या, सर वाजवायचे, आम्ही गायचो. बाईंना हवं ते वाजलं नाही, तर त्या सरांच्या मनगटावर बोट ठेवायच्या. सर थांबून परत वाजवायचे. जी गाणी म्हणजे शास्त्र नव्हे असं त्यांचं मत होतं, ती सगळी त्यांना मुखडा-अंतऱ्यासकट येत होती. हे कसं, ते कोणी विचारलं नाही.

तो उन्हाळा वाईट होता, पाऊसही लांबला. जनावरं चारा छावणीत गेली, त्यांच्याबरोबर घरातलं एकेक माणूस गेलं आणि बरीच पोरंही तिकडेच राहायला गेली. गोदामात आम्ही चार-पाच जणच उरलो. मग वर्ग छावणीत न्यायचं ठरलं. चाचांनी बँडच्या टेम्पोत तबला आणि पेटी घातली. हिरव्या जाळीच्या सावलीत, शेणाच्या आणि ओल्या चाऱ्याच्या वासात आमचा वर्ग भरायचा. कोरड्या हवेने तबला इतका चढायचा की चाचा हातोडी घेऊन सारखे ठोकत बसत. गाई-म्हशींना त्याचं काही वाटत नव्हतं. तिथेच एका संध्याकाळी बाईंनी पहिल्यांदा एक पूर्ण गाणं न अडखळता वाजवलं. संथ होतं फार. पोरं श्वास ओढून ओढून थकली. सर टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "लय वाढवा जरा. म्हशीसुद्धा पुढं गेल्या." बाई हसल्या. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले.

पेटीच्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म बाईंनी आमच्याबरोबरच भरला. केंद्र बीडला एका शाळेत होतं. आम्ही एसटीने गेलो. बाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. वर्गाबाहेर पोरंपोरी रांगेत उभी होती आणि त्यांच्यात बाई. परीक्षक बाहेरगावचे होते. ते दारात येऊन म्हणाले, "पालकांनी कृपया मागे थांबावं."

बाई काहीतरी म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं नाही. मी म्हणाले, "त्या परीक्षेला आल्यात."

त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. दार उघडं होतं, आम्हाला सगळं दिसत होतं. बाईंनी दुर्गा राग वाजवला, बऱ्यापैकी वाजवला. मग परीक्षकांनी हातावर ताल धरून म्हणायला सांगितलं. बाई म्हणू लागल्या. टाळी दिसत होती, बोल ऐकू येत नव्हते.

"मोठ्यानं म्हणा," परीक्षक म्हणाले.

बाईंनी जोर लावला. गळ्याच्या शिरा वर आल्या. परत नुसती हवा.

"अहो, मोठ्यानं."

"त्यांचा आवाज तेवढाच आहे," सर दारातून म्हणाले. परीक्षा चालू असताना बोललेलं त्यांना कधी खपायचं नाही. आम्हाला खोकूसुद्धा देत नसत. "तुम्ही पुढं सरका. ऐकू येईल."

परीक्षकांनी त्यांना दारातून दूर जायला सांगितलं. सर व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. पण परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली, कान वाकवला आणि बाईंचे बोल शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी विचारलं, "आधी गात होता का?" बाईंनी होकारार्थी मान हलवली.

बाईंना द्वितीय श्रेणी मिळाली. वर्गातल्या दोन लहान मुलींना प्रथम मिळाली. बाईंनी त्या दोघींना पेढे दिले. सर मात्र आठवडाभर चिडलेले होते. "अंगठ्यानं घात केला," ते ज्याला त्याला सांगायचे. "कानाला तोड नाही, पण अंगठा!"

पुढच्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला. पेरण्या झाल्या, खताच्या गाड्या आल्या आणि सोसायटीला गोदाम परत लागलं. चेअरमननी दुसरी जागा बघतो असं सांगितलं, पण ती काही झाली नाही. चाचांनी तबले घरी नेले आणि अंगणात शिकवायला लागले. सरांना त्यांच्या मुलाने पुण्याला नेलं. जायच्या आधी त्यांनी पेटी बाईंच्या घरी आणून ठेवली. ती सोसायटीची होती. वडिलांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. सर पुण्यातच वारले. बातमी आली तेव्हा माझ्या वडिलांची दुसरीकडे बदली झालेली होती.

बाईंचा आवाज पुढे थोडा परतला. जाड, खालच्या पट्टीतला, बोलण्यापुरता. त्यांनी विहाराच्या मागच्या खोलीत बरीच वर्षं गाणं आणि पेटी दोन्ही शिकवलं. मी नोकरीला लागल्यावर एकदा त्यांच्याकडे गेले. वर्ग चालू होता. संपेपर्यंत मी दाराशी बसले. चहा घेताना मी त्यांना विचारलं, गावंसं वाटत नाही का?

"पैले लई वाटायचं," त्या म्हणाल्या. "झोपेत गायचे मी. जाग आली की गळा दुखायचा." मग कप खाली ठेवत म्हणाल्या, "आता न्हाई वाटत. आता एखादं पोरगं बेसूर झालं की तेवढं वाटतं, की म्हणून दाखवावं. मग पेटी ओढते."

बाहेर पुढच्या वर्गाची मुलं येऊन थांबली होती. बाई उठल्या आणि त्यांना आत घेतलं.