इठाबाई रविवारी दुपारी येते

उपासनेहून आल्यावर जेवण होतं आणि मी जरा आडवी होते. झोप लागलेली नाही, पण जागीही धड नाही. स्वयंपाकघरात हे भांडी लावताहेत. एरवी मी उठून त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं असतं, 'राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं' म्हटलं असतं. आज अंगच उचलत नाही.

सकाळचं पाळकसाहेबांचं बोलणं कानात आहे. "मार्थाबाई, एसटी स्टँडमागे एक म्हातारे गृहस्थ पडून आहेत. अर्धं अंग गेलंय. प्रभूच्या नावानं कुणीतरी त्यांचं करायला हवं. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?" मी म्हटलं, "प्रार्थना करून सांगते." आमच्या मंडळीत नाही म्हणायचं असलं की असंच म्हणतात.

पायथ्याशी खाट करकरते. बघते, तर इठाबाई.

इठाबाई आमच्या चर्चच्या फाटकाशी केरसुण्या विकायची. तिथंच पडून तिचा खुबा मोडला. पुतण्यानं हात वर केले, म्हणून मी तिला घरी आणली. ती आमच्यातली नव्हती, पुढंही झाली नाही. शेवटपर्यंत तिचं न्हाऊमाखू, हगणंमुतणं सगळं मी केलं आणि भाकर जरा जाड झाली तरी तिनं मला शिव्या दिल्या. उन्हाळ्यात ती गेली.

"वाळलीस गं मारथे," ती म्हणते.

"तुम्ही गेलात ना, इठाबाई?"

"गेले की. म्हणून यायचं न्हाई व्हय?"

ती उठते आणि चालायला लागते. लंगडतसुद्धा नाही. मी तिच्या मागून स्वयंपाकघराच्या दारातून जाते, तर आत चर्च आहे. बाकं माणसांनी भरलेली आहेत, सगळे सकाळचेच कपडे घालून बसलेत, पण आवाज कुणाचाच नाही. वेदीपुढच्या पायरीवर केरसुण्यांचा ढीग आहे. इठाबाई त्यावरच बसते आणि शेजारी थोपटते. मी बसते.

"मला आता जमत नाही हो," मी म्हणते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. "पाठ धरते. प्रार्थनेला डोळे मिटले की झोपच लागते."

"मग नको करू."

"असं कसं? प्रभू बोलावतोय."

"तुला एकटीलाच बोलावतो व्हय?" ती मान वळवून भरलेली बाकं बघते. "हे समदे मग काय बहिरे हाईत?"

मला हसू येतं. हसता हसता रडू येतं, आणि ते थांबवायला कुठं पदर शोधावा तर आम्ही नदीकाठी आहोत. पाणी संथ आहे. केरसुण्या तशाच खाली आहेत, चर्चची पायरीही. पाण्यापलीकडं आमच्या परसातली कढीलिंबाची फांदी हलते.

"तुम्हाला तिकडं देव भेटला का?" मी विचारते. विचारायची भीतीच वाटत होती.

ती पाण्याकडं बघते. "नाव न्हाई सांगितलं त्यानं. पर हात तुझ्यासारखेच. खरबरीत." मग माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेते. "आन् तुझ्या हाताची दशा बघ ही. नखं केवढी वाढलीत. इकडं आण."

कमरेच्या चंचीतून ती नेलकटर काढते. जीभ ओठांत धरून, डोळ्याजवळ नेऊन, एकेक बोट धरते. टक्. टक्. तिचा हात उबदार आहे. शेवटी शेवटी किती गार असायचा.

"तुमची कापायला घेतली की तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात," मी म्हणते.

"दुखायचं म्हणून न्हाई. कुणी असा हात धरला की रडू फुटायचं मला. रडण्यापरीस वरडलेलं बरं." करंगळी होते. ती फुंकर मारते आणि नेलकटर चंचीत टाकते.

"उजवा राहिला की," मी हात पुढं करते.

"ऱ्हाऊ दे. समदं मेलेल्या माणसानंच करायचं व्हय? जित्याला सांग की कायतरी." ती पदर झटकून उठते. "तोंड हाय ना तुला?"

"इठाबाई, थांबा."

ती थांबत नाही. पाण्याच्या कडेनं ताठ चालत जाते आणि मी नुसती बघत राहते.

डोळे उघडतात तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलेलं आहे. पंखा बंद आहे, मानेला घाम. हे परसात झाडांना पाणी घालताहेत. उठून बसताना हात टेकते आणि काहीतरी वेगळं लागतं. डावा हात डोळ्यांसमोर धरते. पाचही नखं कापलेली, गोल, अगदी आतपर्यंत. उजव्या हाताची तशीच आहेत, वाढलेली.

मी दोन्ही हात मांडीवर शेजारीशेजारी ठेवून बघते.

"अहो," मी हाक मारते. "जरा येता का?"

हे ओल्या हातांनी दारात येतात. मी हाक मारून काही मागितल्याला इतकी वर्षं झालीत, की ते घाबरलेलेच आहेत. "काय होतंय तुला?"

"काही नाही. एवढी नखं कापून द्या. आणि उद्या स्टँडमागं एकांकडं जायचंय. मी एकटी नाही जाणार, तुम्ही चला."

"मला जमेल?" ते विचारतात.

मी उजवा हात त्यांच्यापुढं करते.