तिरोडीची टोपली

बालाघाटला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू बोलायच्या कमी. कुंपणावरून मीठ लावलेली टमाटरची फोड पुढे करायच्या आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायच्या. त्या हिवाळ्यात त्यांनी एका वाफ्यात गावरान आणि दुसऱ्यात नवं हायब्रीड लावलं होतं. दोन्ही चाखून मी म्हणालो, "गावरानच बरं."

"मले बी तेच आवडते. पण पुढल्या साली हायब्रीडच लावीन."

"काहून?"

"त्याची साल जाड हाय. मोटारीत तिरोडीपर्यंत फुटत नाही."

तिरोडीला त्यांची मुलगी होती. तिनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून काकूंनी तिचं नावही घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हायब्रीडची भरली टोपली मोटारीच्या कंडक्टरकडे दिली. निरोप काहीच दिला नाही.

रविवारी मुलगी स्वतःच आली आणि अंगणात अवघडून उभी राहिली.

काकूंनी विचारलं, "कसे लागले टमाटर?"

"आंबटच नाही, आई."

"हौ," म्हणत काकू गावरानच्या वाफ्यात वाकल्या. "मंग याची चटणी करतो. जेवूनच जाय."