सुप्याजवळच्या रिकाम्या माड्या

मी नगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पीएचडीला बसलो तो केस पांढरे झाल्यावर. विषय घरांच्या बाजाराचा. सुप्याच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्यांना भाड्याने खोली मिळत नाही, आणि आसपासच्या गावांत नव्याकोऱ्या माड्या कुलपात पडून आहेत. असं का, हे घरोघर जाऊन विचारायचं. संशोधन लोकांच्या उपयोगी पडलं पाहिजे, एवढीच मार्गदर्शकांची ताकीद होती.

एका गुलाबी घराच्या ओट्यावर एक काका बसले होते. कॉलेजातून आलोय, घरांची माहिती घेतोय, असं सांगून मी सुरुवात केली. घर स्वतःचं का? खोल्या किती? बाथरूम आत की बाहेर? मुलगा काय करतो, पगार किती? प्रत्येक प्रश्नाला काका अधिक ताठ बसत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमाला मूलबाळ?"

"एक मुलगी. बीएस्सीला आहे."

काकांनी आत हाक मारली. पोहे आले. त्यांवर ओलं खोबरं होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. सर्व्हेवाल्याला फार तर चहा मिळतो. मी मात्र सगळे पोहे खाल्ले आणि माडी बघायला वर गेलो. दोन खोल्या, त्यांना जोडून बाथरूम, कमोडवर अजून प्लास्टिक.

"भाड्याने का देत नाही?"

"भाडेकरू ठिवला तर पाव्हणे म्हनतील, ह्यांचं भागना," काका म्हणाले. "माडी सुनंसाठी हाय."

खाली आलो तर मुलगा हजर. भर दुपारी ओले केस, इस्त्रीचा शर्ट. तो माझ्या पाया पडला, आणि ज्याला अभ्यासू म्हणतात त्या माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला.

"काका, मी स्थळ बघायला आलेलो नाही."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मी आधीच सांगितलं होतं," मी पुटपुटलो.

"पोरीवाले कदी सरळ सांगून येत्यात व्हय?" काका म्हणाले. "मागं एकजन म्हस बघायला म्हनून आलता. म्हशीकडं बघितलं बी न्हाई, समदं घर हिंडून गेला."

"माझा हाफ डे गेला," मुलगा म्हणाला.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मंग आमी बी एक इचारतो. तुमच्या पोरीला तुमी कसलं घर बघनार?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांचे पोहे पोटात होते.

"पुण्यात फ्लॅट," मी म्हणालो.

कुणालाच राग आला नाही, याचंच मला जास्त लागलं. काकू काकांना म्हणाल्या, "मी म्हनत हुते ना." काकांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. "माडी रिकामी का, त्याच्या म्होरं हेच लिवा की."

मी लिहिलं. घरांच्या बाजाराविषयी इतकं खरं उत्तर मला त्याआधी मिळालं नव्हतं, आणि ते माझंच होतं.

सुपा फाट्यापर्यंत मुलानेच मोटारसायकलवर सोडलं. फाटा जवळ आल्यावर तो मान मागे वळवून म्हणाला, "सर, तुमचा अभ्यास हाय म्हनून इचारतो. पुण्यात वन बीएचके चालंल, का टूच लागतो?"

माझ्या अभ्यासात पुणे येत नाही, असं मी म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि त्याने गिअर बदलला.

त्याचा प्रश्न सोबत घेऊनच मी घरी आलो. जेवताना बायकोला सगळं सांगितलं आणि तो प्रश्न तिच्यापुढे ठेवला. ती मला चांगलीच झापेल अशी माझी अपेक्षा होती.

तिने भात वाढला. "टू," ती म्हणाली. "आणि पार्किंग."

मुलीने ताटातून मान वर केली. "कुणाबद्दल बोलताय?"