ठेवता का सोडता

गोंदियाला माझी बदली झाली तेव्हा त्या गावात मला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि पुढे कितीतरी महिने त्यात फरक पडला नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात मी कारकून होतो. दिवसभर विड्यांची खोकी आणि तांदळाची पोती, संध्याकाळी खानावळ, मग खोली. खानावळवाला माझ्याशी रोज एकच वाक्य बोलायचा, "और चावल?" मी मान हलवायचो. कधी कधी दिवसभरातलं माझं ड्युटीबाहेरचं संभाषण तेवढंच असायचं. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तेव्हा माझ्या खोलीवर येऊन राहायला हवं होतं.

सुट्टीच्या दिवशी खोली खायला उठायची म्हणून मी जवळच्या नागरा गावाच्या वाटेने चालत सुटायचो. दिवाळी होऊन गेली होती, धान कापून झालं होतं. वाटेलगतच्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या चौकोनी वाफ्यात, काही जण अनवाणी पायांनी फुटबॉल खेळत होते. दोन्ही टोकांना बांबू रोवलेले. बॉल धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावरून, उडून माझ्या अंगावर आला आणि मी तो झेलला. त्यात काही पराक्रम नव्हता. पार्सलं झेलून हात तयार झाले होते.

धुऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ छत्री उघडून बसले होते. धोतर, त्यावर जुना काळा कोट. त्यांनी मला हाक मारली.

"ए बाबू! हात चांगले आहेत तुये. कोनाचा होस गा?"

"कोणाचाच नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मंग गोलात उभा राय. तिथं एकट्याचंच काम राह्यते."

असा मी गोलकीपर झालो. ते गृहस्थ क्लबाचे मॅनेजर. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणू लागलो. बायको वारलेली, मुली लग्न होऊन दूर गेलेल्या, घरात ते एकटेच. जन्मात त्यांनी बॉलला पाय लावला नव्हता. कधीतरी नागपूरला गेले असताना त्यांनी एक मॅच पाहिली आणि परत आले ते हे वेड डोक्यात घेऊन. धान निघाल्यावर ओल्या बांधीत लाखोळी नावाचं कडधान्य टाकायचं ही इकडची रीत. पण वाटेलगतच्या दोन बांध्या काकाजी पोरांसाठी तशाच सोडायचे. एका बांधीत खेळ, दुसरीत सायकली, कपडे आणि बघायला आलेली माणसं. शेजारचे शेतकरी त्यांना हसत. काकाजी छत्री दुसऱ्या खांद्यावर घेत, बस.

क्लबात सगळी आसपासच्या धानवाल्यांची मुलं. काही घरची शेती करणारी, काही गोंदियात कामाला. कप्तान तेंदूपत्त्याच्या गोदामात होता, दणकट आणि तोंडाने फटकळ. तो मला कधी घरी घेऊन गेला नाही, पण खेळ संपल्यावर सगळे धुऱ्यावर बसून मुरमुरे खायचे तेव्हा माझ्यापुढेही मूठ यायची. तेवढ्यासाठी मी तीन मैल चालत जायचो. आज हे लिहायला लाज वाटत नाही.

काकाजी स्वतःला क्लबाचे सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचे गडी, म्हणवायचे. शेतावरच्या सालदाराचं साल अक्षय तृतीयेला, इकडच्या भाषेत अक्तीला, संपतं. मालकाने ठेवलं तर पुढचं साल, नाही तर त्याने दुसरं घर बघायचं. म्हणून दर अक्तीला सगळा क्लब काकाजींच्या अंगणात जमायचा. काकाजी हात जोडून उभे राहायचे आणि विचारायचे, "ठेवता का सोडता?" कप्तान मालकासारखी मान ताठ करून म्हणायचा, "ठेवलं गा काकाजी!" मग काकाजींनी स्वतः केलेली चिंचोणी, चिंचेचं गोड पाणी, सगळे पोटभर प्यायचे. पहिल्या अक्तीला मी इतका हसलो की घसा दुखला. किती दिवसांनी हसलो होतो कोण जाणे.

आता मुद्द्याचं. आम्ही हरायचो. हिवाळ्यात रेल्वेच्या मैदानावर सामने व्हायचे. रेल्वेवाले आम्हाला हरवायचे, पोलीस हरवायचे, शाळेची पोरंसुद्धा हरवायची. हरण्यात आमचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. बाहेरून लोक ओरडायचे, "काकाजी, लाखोळी पेरा, लाखोळी!" काकाजींना खेळातलं फारसं कळत नव्हतं हेही खरं. सामन्याआधी ते लांबलचक बोलायचे आणि त्यात धान, बैल, इमान सगळं यायचं, फुटबॉल तेवढा राहून जायचा.

हरण्याचं कारण मला सापडलं ते मी गोलात होतो म्हणून. दहा जण पुढे धावत असतात, गोलकीपर मागे एकटा उभा असतो; त्याला बघण्यावाचून धंदा नसतो. मी पाहिलं की आमचे कडेचे गडी बॉल घेऊन पळतात आणि मैदानाची रेघ अजून बरीच लांब असताना एकदम आत वळतात. दरवेळी, त्याच जागी. पलीकडे एवढी मोकळी पट्टी पडलेली, तिथे आमचं कोणी जायचंच नाही, आणि समोरचे त्याच पट्टीतून आरामात माझ्यावर चालून यायचे. तिथे त्यांना काय दिसतं ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं. बांधीत खेळताना तिथे धुरा असतो. वर्षानुवर्षं धुऱ्याला ठेच लागू नये म्हणून ती पोरं तिथे वळत आली होती, आणि आता धुरा नसला तरी पाय वळत होते.

मी काकाजींना सांगितलं.  पुढच्या सामन्याला ते नेहमीची जागा सोडून माझ्या गोलामागे येऊन उभे राहिले. सामना संपल्यावर म्हणाले, "खरं आहे गा बाबू. पोरायच्या डोक्यात माया धुरा बसला आहे."

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीनंतर गेलो तर काकाजी धोतराचा काचा मारून दोन बांध्यांमधला धुरा कुदळीने फोडत होते.

धान न पिकवणाऱ्याला यातलं गांभीर्य कळणार नाही. मलाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. धुरा म्हणजे नुसता मातीचा वरंबा नाही. त्याच्यामुळे पाणी थांबतं आणि पाणी थांबलं तरच धान येतं. तो धुरा काकाजींच्या आजाने घातलेला. शिवाय एक बांधी दुसरीपेक्षा वीतभर उंच होती. मी विचारलं, "काकाजी, पावसाळ्यात काय कराल?"

"पावसाया येईन तवा पाहू," ते म्हणाले. "तू पाटी उचल."

मी पाटी उचलली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं माती सारत होतो. माझ्या हाताला फोड आले आणि मी फार सुखात होतो.

मैदान मोठं झालं, पण उताराचं. बॉल सुटला की घरंगळत माझ्याकडेच यायचा. पुढच्या सामन्यात आम्ही पुन्हा हरलो, कारण इतक्या वर्षांची पायांची खोड एका महिन्यात जात नाही. आणि दरम्यान गावोगाव बातमी पोचली होती की म्हाताऱ्याने आपला धुरा फोडला. खेळाडूंचे बाप बिथरले. बैल विकला असता तर माफ केलं असतं, बायको दुसरी केली असती तरी चाललं असतं, पण धुरा? हातातलं शेत ज्याला सांभाळता येत नाही तो आमच्या पोरांना काय सांभाळणार, असं घरोघरी बोललं जाऊ लागलं. पोरांसाठी म्हणून जे केलं तेच त्यांच्या अंगावर आलं.

गोंदियातल्या सायकलीच्या दुकानामागे, जिथे आम्ही बॉलमध्ये हवा भरायचो, तिथे क्लब जमला. काकाजींना बोलावलं नव्हतं. एका तांदूळ मिलवाल्याने आपलं मैदान देऊ केलं होतं, सोबत नवा मॅनेजर.

कप्तान म्हणाला, "काकाजी मानूस सोन्याचा आहे, मी कुठी नाई म्हन्तो? पन आमी हारून हारून थकलो. लोक हासतेत. घरी बाप बोलून राह्यला. काऊन ठेवाचं मंग?"

तो चुकीचं बोलत नव्हता. हरणं माझ्यापेक्षा त्याला जास्त लागायचं. मी खेळून खोलीवर जायचो, तो गावात जायचा. तरी मी उठलो. मी म्हणालो की मॅनेजरला आपली चूक कळली आणि ती त्याने स्वतःच्या शेतात कुदळ घालून दुरुस्त केली. असा दुसरा कोणी दाखवा. एक हंगाम द्या. जिंकत असताना तर कोणीही ठेवतं, हरताना ठेवलं तरच ते ठेवणं.

"तू त बदलीवाला होस बाबू," कोणीतरी मागून म्हणालं. "तुयं काय जाते?"

माझं काय जातं! माझ्याजवळ जाण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्या धुऱ्यावर बसून मुरमुरे खात होतं.  मी खाली बसलो आणि काकाजींना ठेवायच्या बाजूने माझा एकट्याचाच हात वर गेला.

काकाजींना काढायचं ठरलं, पण ते सांगायला जायला कोणी तयार होईना. शेवटी कप्तान म्हणाला, अक्तीला जायचंच नाही. मालक आला नाही की सालदार काय ते समजतो.

अक्तीला मी गेलो. अंगण सारवलेलं होतं. नव्या माठात चिंचोणी, शेजारी पितळी गिलास ओळीने मांडलेले. काकाजींनी धुवट कोट घातला होता. मी दिसताच ते माझ्या मागे वाटेकडे बघू लागले.

"बाकीचे येऊन राह्यले का?"

मी नकारार्थी मान हलवली.  ऊन चढेपर्यंत आम्ही ओसरीवर बसलो. मग त्यांनी दोन गिलास भरले, आणि उरलेले एकेक उचलून आत ठेवून आले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ते बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. चेहऱ्यावर हसू होतं.

"ठेवता का सोडता?"

"ठेवलं, काकाजी," मी म्हणालो. मग कप्तानासारखी मान ताठ करून पुन्हा म्हणालो.

पुढच्या हंगामात क्लब मिलच्या मैदानावर खेळू लागला आणि जिंकू लागला. मला ते झोंबलं. एकदा लांबून सामना पाहिला तर कडेचे गडी थेट रेघेपर्यंत धावत होते. काकाजींच्या फोडलेल्या धुऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही. मी गोल सोडला होता. माझ्या जागी मिलमधला एक जण उभा होता आणि तो माझ्यापेक्षा बरा होता.

इकडे त्याआधीच, पावसाळ्यात, काकाजींच्या त्या जोड बांधीत वरच्या अंगाचं धान वाळलं आणि खालच्या अंगाचं सडलं. मला वाटलं, आता ते धुरा घालतील. कापणी झाली, इतरांच्या बांध्या लाखोळीने हिरव्या झाल्या, पण ती तशीच उघडी. मी चिडून म्हणालो, "आता तरी धुरा घाला! कोणासाठी ठेवलंय हे मैदान?"

"आन् पोरं वापस आले त?" ते म्हणाले. "खेलतीन कुठी?"

 मी जाऊन बांबूंच्या मध्ये उभा राहिलो. काकाजींनी छत्री मिटली, धोतर सावरलं, आणि जन्मात पहिल्यांदा बॉलला लाथ मारली. बॉल उतारावरून घरंगळत माझ्यापर्यंत आला. मी परत टाकला. त्या हिवाळ्यात जमेल तेव्हा आम्ही दोघंच असे खेळलो, बहुतेक न बोलता.

पुढच्या अक्तीच्या आधी माझी बदली बालाघाटकडे झाली. मी अक्तीच्या दिवशीच सांगायला गेलो. गिलास सगळे मांडलेले होते, गेल्या वर्षीसारखेच. वाटेवर कोणी नव्हतं.

"काकाजी, मी उद्या जातोय."

ते माठाकडे वळले. "मंग सोडून राह्यला म्हन ना."

"नाही," मी म्हणालो. "ठेवून जातोय."

त्यांनी माझा गिलास भरला. दुसऱ्याच्या तोंडून निघालं असतं तर हे बोलणं मला फुकाचं वाटलं असतं. माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं.

बालाघाटची छोटी लाइन नागऱ्याच्या बाजूने जाते. सकाळची गाडी होती. मी दाराशी उभा राहिलो. ती जोड बांधी लांबून ओळखू आली. मधे धुरा नसलेली तेवढी एकच होती. बांबू तसेच रोवलेले होते आणि त्यांच्या मधे, माझ्या जागेवर, काकाजी उभे होते. मी उभा राहायचो तसेच, गुडघ्यांवर हात ठेवून, किंचित वाकून. समोर कोणी नव्हतं. बॉलही दिसला नाही. मी हात हलवला, ओरडलो, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, मैदानाकडे बघत होते.